वळणावरचं मीठ

परत आल्यावर भाकरी केंद्रातल्या बायकांनी पहिलं विचारलं ते हेच, की कोण जिंकलं. मी म्हटलं, कोरिया. त्यापुढे काही सांगता आलं नाही. चार बायका एकदम माझ्याकडे बघायला लागल्या की माझं तोंड बंद होतं, हे त्यांना ठाऊक आहे. त्या हसल्या आणि पुन्हा पिठाला लागल्या.

कोरिया जिंकला हेसुद्धा मला महादेवीआक्कांनी सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. शर्यत माझ्या डोळ्यांसमोर झाली. तरी कोण पुढे आणि कोण मागे हे मी पाहिलं नाही. असं कसं झालं ते बोलता येत नाही म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर मोठं येतं, वही लवकर भरेल. भरू दे.

आधी हे वेड कसं लागलं ते सांगायला हवं. आमच्या केंद्रात आम्ही सात जणी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतो. भाकरी पातळ थापायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, शेकायची, मग पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा आणि समोर तवा. तीन वर्षांपूर्वी लेकीने तिचा जुना मोबाईल मला दिला. तो मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. एकदा त्यावर आपोआप बर्फावरच्या शर्यती लागल्या. मी हात धुऊन बंद करणार होते, पण हात पिठाचे, भाकरी तव्यावर. तेवढ्या वेळात अडकले ती अडकलेच.

पायात लांब पात्याचे बूट घालून मुली बर्फावरून वाऱ्यासारख्या पळतात. वळणावर इतक्या कलतात की एका हाताची बोटं बर्फाला टेकतात. मला त्यातही चौघींची शर्यत जास्त आवडते. एका देशाच्या चार मुली आळीपाळीने पळतात. जी दमली ती पुढच्या मुलीच्या कमरेला मागून दोन्ही हातांनी ढकलते आणि स्वतः बाजूला होते. एकूण सत्तावीस फेऱ्या. मी कितीतरी शर्यती पाहिल्या. कुणाच्या गुडघ्याला पट्टी आहे, कोण शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी दम राखून ठेवते, हे मला कळायला लागलं.

त्यात कझाकस्तानची एक मुलगी होती, आयगुल. एका शर्यतीत ती वळणावर पडली, घसरत जाऊन मैदानाच्या कडेच्या गादीवर आदळली. उठायच्या आधी तिने हात लांब केला आणि जवळ आलेल्या जोडीदारिणीला शिवलं. शिवलं की पुढची पळू शकते, असा नियम आहे. त्यांचा नंबर शेवटचाच आला. पण पडलेली असताना तिला आधी हात पुढे करायचं सुचलं, हे माझ्या मनातून जाईना. त्या दिवसापासून ती माझी.

निघताना

डेहराडूनला बर्फाचं मोठं मैदान आहे आणि तिथे आशियातल्या देशांच्या मुली शर्यतीला येणार आहेत, हे लेकीनेच फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, तुझी ती कझाकस्तानवालीपण हाय यादीत. जातीस का? तिकिटं मी काढते." मी नाही म्हटलं. मग रात्रभर झोप नाही. मालकांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं तर ते म्हणाले, "मला गाडीवर जायचंय, तू एकटी कुटं जाणार? आक्काला विचार."

महादेवीआक्का आमच्या शेजारी. अक्कलकोटकडच्या, वय साठ, आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबतो. त्यांना किती वर्षांपासून हरिद्वारला गंगेत न्हायचं होतं. त्यांनी लगेच सौदा केला.

"तू माझ्यासंगं गंगेवर यायचं, मी तुझ्यासंगं बर्फावर. पण आदी तुझं बर्फ, मग माझी गंगा. म्हंजी जे काय पाप लागंल ते धुऊन निघंल."

"बर्फ बघून कसलं पाप लागतंय आक्का?"

"काय सांगावं बाई. त्या पोरींचे कपडे बघितलेत मी तुझ्या मोबाईलात."

सोबत आम्ही पन्नास कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि दोन सोलापुरी चादरी घेतल्या. स्वेटर आमच्याकडे कुठून असणार? हरिद्वारच्या धर्मशाळेत स्वयंपाक करायला मिळतो असं ऐकून आक्कांनी मीठ, मोहरी, हळद यांच्या पुरचुंड्याही बांधल्या. त्या पुरचुंड्या ध्यानात ठेवा.

डेहराडून, पहिला दिवस

दोन रात्रींचा प्रवास लिहीत नाही. बसून बसून पाय सुजले, एवढंच. डेहराडूनला उतरलो तर पाऊस, आणि समोर डोंगर इतके हिरवे की आक्का म्हणाल्या, "हितल्या म्हशी किती सुखी असतील." जेवणात सगळीकडे गव्हाची पोळी. दुसऱ्याच दिवशी माझं पोट ज्वारीची गरम भाकरी मागायला लागलं.

मैदान म्हणजे एक मोठी बंद इमारत. दारात नाव लिहून पास मिळाला. बाहेर चिकचिक, आणि आत पाऊल टाकलं तर नाकात थंडी घुसली. फोनवर थंडी दिसत नाही. बर्फाचा एक वास असतो, ओल्या पत्र्यासारखा, तोही फोनवर येत नाही. आणि पात्यांचा आवाज. मला वाटलं होतं सुळकन आवाज येत असेल. तसा नाही येत. जाड कापड टरकवावं तसा येतो. मी चादर डोक्यावरून घेऊन नुसती उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते थंडीचं की कशाचं कळलं नाही.

आक्कांनी मात्र चादरीतून हात काढून विचारलं, "पंखा बंद करायला सांगू का गं कुणाला?"

आम्ही वळणाजवळ पहिल्या रांगेत बसलो. समोर जाड निळ्या गाद्यांची भिंत आणि पलीकडे लगेच बर्फ. त्या दिवशी सरावच होता. वळणापाशी एक वयस्कर गृहस्थ बादली घेऊन उभे असायचे. मुली पळून गेल्या की ते वळणावर पाणी ओतायचे आणि रबराच्या पट्टीने सारखं करायचे. मला राहवेना. मी आक्कांना कोपराने ढोसलं, "विचारा ना, पाणी का टाकतात."

"तूच इचार की."

"तुमी इचारा."

आक्कांच्या हिंदीत निम्मं मराठी आणि उरलेलं कानडी असतं, पण कुणाला कळलं नाही असं होत नाही. ते गृहस्थ हसत जवळ आले. नेगीजी त्यांचं नाव, तिथलेच पहाडी. म्हणाले, पात्यांनी बर्फाला चिरा पडतात, पाणी टाकलं की चिरा भरतात आणि गोठून पुन्हा गुळगुळीत होतं.

मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "हमारे भाकरी को भी ऐसाच करते. पानी फिराया नहीं तो फटती."

त्यांनी भाकरी म्हणजे काय विचारलं. मी पिशवीतून एक काढून चटणी घालून दिली. त्यांनी आधी वाजवून पाहिली. "पापड है?" मग खाल्ली, चटणीने ठसका लागला, आणि आणखी एक मागून घेतली. जाताना आमच्या पायांकडे बघून म्हणाले, "दीदी, चप्पल की मिट्टी इधर मत झाड़ना. एक दाना भी बरफ़ पे गया और ब्लेड के नीचे आया, तो बच्ची गई." आक्कांनी लगेच चपला काढून मांडीवर घेतल्या.

दुसरा दिवस

आयगुल दिसली. फोनवर वाटते त्याहून बुटकी आहे. वेणी घालते आणि ती टोपीत खोचते. सकाळी तिची एकटीची शर्यत होती. दुसऱ्या नंबरवर होती, आणि शेवटच्या फेरीत आमच्याच वळणावर पाय सुटला. गादीवर आदळली ती माझ्यापासून चार हातांवर. ती उठली तेव्हा मांडी धरून होती. चेहरा असा झाला होता की माझीच मांडी दुखायला लागली. संध्याकाळी कळलं की दुसऱ्या दिवशीच्या चौघींच्या शर्यतीत तरीही ती पळणार आहे.

खोलीवर आल्यावर मी आक्कांना म्हटलं, "तिला दिष्ट लागलीया."

"दुसऱ्या देशाच्या पोरीला दिष्ट लागती व्हय?"

"लागंल न्हाय तर काय? सगळी दुनिया मोबाईलवर बघती तिला."

"सगळी दुनिया कुटं? तूच बघतीस एकटी. म्हंजी तुझीच लागली असंल."

त्या चेष्टेने बोलल्या. पण मला ते लागलं. तीन वर्षं मी त्या पोरीकडे टक लावून बघते आहे. माझी मुलगी लहान असताना जेवायला लागली की मी तिच्याकडे अशी बघत बसले तर सासूबाई मला उठवायच्या, आईचीच जास्त लागते म्हणायच्या. सकाळी मी आक्कांच्या पुरचुंडीतून मूठभर खडे मीठ आणि मोहरी रुमालात बांधून घेतली.

तिसरा दिवस

दृष्ट काढायची तर माणसाला समोर बसवून मूठ ओवाळतात आणि ते मीठ-मोहरी चुलीत टाकतात. इथे ना ती समोर बसणार, ना चूल. मी ठरवलं की ती सरावाच्या फेऱ्या मारत असताना लांबूनच मूठ उतरवायची, रुमालात परत बांधायची आणि हरिद्वारच्या धर्मशाळेत चुलीत टाकायची.

तसंच केलं. चादरीच्या आत मूठ धरून, ती समोरून जाईल तशी सात वेळा उतरवली. कुणाला दिसलं नाही. मीठ-मोहरी रुमालात टाकून गाठ मारली. हात थंडीने आखडले होते, गाठ कशी बसली ते बघितलं नाही.

तेवढ्यात आयगुल हळू होत अगदी गादीजवळून गेली. दोन दिवस चादरी गुंडाळून बसलेल्या आम्हा दोघींना तिने पाहिलं असावं. ती हसली आणि हात हलवला. मी आजवर कुणाला हात हलवलेला नाही. टेसनावरसुद्धा नाही. त्या क्षणी मी उभी राहिले आणि हात वर करून जोरात हलवला. हातात रुमाल होता. गाठ सुटली.

मीठ आणि मोहरी गादीवरून पलीकडे गेली. मीठ लगेच दिसेनासं झालं. मोहरीचे काळे दाणे मात्र पांढऱ्या बर्फावर दिसत होते, पाच, सहा, आणखी लांब गेलेले किती ते कळेना. बरोबर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मुली कलून बाहेर येतात.

"काय सांडलं गं?" आक्का म्हणाल्या.

मी रिकामा रुमाल मुठीत दाबला. सराव संपला होता. चार देशांच्या मुली सुरुवातीच्या रेषेकडे चालल्या होत्या. नेगीजी बादली घेऊन पलीकडच्या वळणावर गेले होते. कुणीही पाहिलं नव्हतं. मनात आलं, गप्प बसावं. एवढ्याशा दाण्यांनी काय होतंय? सांगितलं तर हाकलून देतील, पोलिसात देतील, चारशे माणसांसमोर विचारतील की हे काय आणि कशाला. मी काय सांगणार होते? कुठल्या भाषेत?

आणि तेव्हा मला शोभा आठवली.

शोभा आमच्या केंद्रात माझ्या शेजारच्या शेगडीवर असते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मोठा माल गेला होता. त्यातल्या दोन टोपल्या नीट वाळल्या नव्हत्या. पॅकिंगला नेताना मी हात लावून पाहिलं होतं, भाकरी दमट होती. केंद्र चालवणाऱ्या बाई घाईत होत्या, सगळ्या समोर होत्या, मी बोलले नाही. आठवड्याने सगळा माल बुरशी येऊन परत आला. त्या दिवशी वाळवणीवर शोभा होती, म्हणून ठपका तिच्यावर आला. तिला तीन महिने भांडी घासायला लावलं. मी तेव्हाही बोलले नाही.

शर्यत सुरू होण्याआधी सगळं मैदान गप्प होतं. मुली वाकून उभ्या राहिल्या. शर्यत सोडणाऱ्या बंदूकवाल्याचा हात वर गेला.

"थांबा!" मी ओरडले.

आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. माझा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. आक्का दचकून चपला पाडून बसल्या. सगळी माणसं वळली. मी आणखी एकदा ओरडले, "ओ नेगीजी! हितं या! हितं सांडलंय!"

बंदूकवाल्याने हात खाली घेतला. नेगीजी धावत आले, त्यांच्यामागे गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुण मुलगी आणि काळ्या कोटातले एक साहेब. मी बोट दाखवलं. दुसऱ्या हाताने गादीला धरलं.

"नमक. और राई. मेरे हाथ से गिरा."

"नमक?" नेगीजींना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "यहाँ नमक?"

"नजर उतारी," मी म्हटलं. "उस बच्ची की. कल गिरी ना."

ओळखपत्रवाली मुलगी चिडली. "आँटी, ये कोई मंदिर है क्या? आप पीछे जाइए, बिलकुल पीछे." आक्कांनी तिच्याकडे बघून तोंड उघडलं, मी त्यांचा हात दाबला. तिचं काही चुकत नव्हतं.

नेगीजी बर्फावर उकिडवे बसले. ओल्या फडक्याने एकेक दाणा टिपला. जिथे मीठ पडलं होतं तिथे बर्फाला सुईने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली होती. त्यांनी तो भाग पट्टीने खरवडून काढला, बर्फाचा चुरा भरला, पाणी ओतलं, थांबले, पुन्हा ओतलं. साहेब घड्याळ बघत होते. मुली गार पडू नयेत म्हणून लांब हळूहळू घिरट्या घालत होत्या. त्यांना कुणीतरी इंग्रजीत सांगितलं. दोघी-तिघी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. आयगुलही. ती या वेळी हसली नाही.

काम झाल्यावर त्या मुलीने पुन्हा मला मागे जायची खूण केली. मी पिशवी उचलली. नेगीजी गुडघे झाडत उठले आणि म्हणाले, "बैठने दो इनको. किसी ने देखा नहीं था, इन्हीं ने तो बताया." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "दीदी, दुआ घर से किया करो."

बंदूक वाजली.

आता लिहायला सोपं आहे, पण तेव्हा मला दुसरं काही दिसतच नव्हतं. त्या वळणावर भाकरीएवढा एक गोल होता, आजूबाजूच्या बर्फाहून थोडा जास्त पांढरा. मी तेवढाच बघत होते. चौघी आल्या, त्यावरून गेल्या. एक. चौघी आल्या, गेल्या. दोन. पात्यांचा कापड टरकवल्यासारखा आवाज जवळ आला की मी चादर घट्ट धरायचे. आक्का माझ्या कानात ओरडत होत्या, "तुझी तिसरी हाय! आता दुसरी! अगं बघ की, ढकललं तिनं! कमल, कुटं बघतीस?" मी वर पाहिलं नाही. मला वाटत होतं, मी नजर काढली तर तो गोल फुटेल. पंधरा. सोळा. एका फेरीला कुणाची तरी बोटं बरोबर त्या गोलाला टेकून गेली. तो आयगुलचा हात होता की दुसऱ्या कुणाचा, सांगता येणार नाही. घंटा वाजली. सव्वीस. सत्तावीस.

कुणी पडलं नाही.

मग मी वर पाहिलं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. "कोण आलं?" मी विचारलं.

"कोरिया. तुझी तिसरी," आक्का म्हणाल्या. "एवढं लांब आलीस आणि काय बघितलंस गं तू?"

हरिद्वार

आक्कांची गंगा पावसाने गढूळ आणि फुगलेली होती. घाटावरची साखळी धरून त्यांनी पाच बुचकळ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी वर आल्या की "अय्यो" म्हणून ओरडल्या. मी त्या रुमालाच्या चुण्यांत अडकलेले दोन-चार दाणे धर्मशाळेच्या चुलीत टाकले. तडतडले. गंगेचं पाणी फार गार होतं, पण बुडी मारताना मला त्याचं काही वाटलं नाही.

सोलापूर

आले त्या आठवड्यात केंद्रात सगळं पूर्वीसारखंच होतं. मोबाईल डब्याला टेकवलेला. त्या शर्यतीचा व्हिडिओ आला आहे, पण अजून लावला नाही.

परवा दुपारी बाकीच्या जेवायला उठल्या आणि शोभा आणि मी दोघीच शेगडीवर राहिलो. मी तव्याकडे बघतच म्हटलं, "शोभा, त्या परत आलेल्या भाकऱ्या. पॅकिंगच्या वेळी मी हात लावला हुता. दमट हुत्या. मला कळलं हुतं. मी बोलले न्हाय."

ती थापत होती, ती थांबली नाही.

"मला म्हायती हाय की," ती म्हणाली. "तू हात लावलास तवा मी दारातच हुते."

"मग तू का न्हाय बोललीस? माझं नाव का न्हाय घेतलंस?"

"वाट बघत हुते," ती म्हणाली. "तू कवा बोलतीस त्याची. लई बघायला लावलीस."

तव्यावरची भाकरी कडेने पांढरी पडून चिरायला लागली होती. शोभाने पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"आदी पाणी फिरव," ती म्हणाली. "आन मग सांग, तितं काय काय झालं ते. सगळ्या यायच्या आत."